बर्फ पडला नाही की मॅनेजमेंटने माती केली? खराब स्की सीझनचा हिशोब कसा लावायचा

सीझन खराब गेला की दोनच सूर ऐकू येतात. रिसॉर्टवाले म्हणतात निसर्गापुढे कोणाचं काय चालतं, आणि सीझनभराचा पास घेऊन बसलेली मंडळी म्हणतात सगळा पैसे वाचवायचा धंदा आहे, मुद्दाम लिफ्ट बंद ठेवल्यात. दोन्ही बाजू थोड्याफार खऱ्या असतात, पण कोण किती खरं बोलतंय ते घरबसल्या बऱ्यापैकी तपासता येतं. त्यासाठी "किती बर्फ पडला?" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि हा विचारा: थंडीचे जेवढे तास हातात आले त्यांचं यांनी केलं काय?

हा प्रश्न अशासाठी की आजकाल बऱ्याच मोठ्या रिसॉर्टचा पाया, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत ज्याच्यावर आपण घसरतो तो थर, मशीनने बनवलेल्या बर्फाचा असतो. आभाळातून पडतो तो बोनस. २०२२ च्या बीजिंग विंटर ऑलिंपिकमध्ये तर जवळपास सगळाच बर्फ मशीनचा होता. आणि मशीनला ढग लागत नाहीत, थंडी, पाणी, वीज आणि रात्री जागणारी माणसं लागतात. यातली थंडी हवामानाच्या खात्यात टाका, बाकीच्या तीन गोष्टी मॅनेजमेंटच्या.

थंडी मोजायची कशी

इथे लोक हमखास चुकतात कारण ते फोनवर साधं टेम्परेचर बघतात. स्नो गनला, म्हणजे पाण्याचा फवारा उडवून बर्फ बनवणाऱ्या मशीनला, फरक पडतो तो वेट बल्ब तापमानाने, म्हणजे तापमान आणि हवेतला दमटपणा दोन्ही मिळून जो आकडा येतो त्याने. गनमधून उडालेला पाण्याचा थेंब जमिनीवर येईपर्यंत गोठायला हवा, आणि हवा कोरडी असेल तर थेंबाचं थोडं पाणी उडून जाताना तो आणखी गार होतो. साधारण उणे २.५ डिग्री वेट बल्बच्या खाली काम सुरू करता येतं, पण तेव्हा बर्फ ओला आणि कमी निघतो, खरा माल उणे ५-६ च्या खाली. आता मजा बघा, थर्मामीटर शून्यावर आहे पण आर्द्रता ३० टक्के, तर वेट बल्ब उणे ४ च्या आसपास येतो आणि गन चालतात. उलट थर्मामीटर उणे १ दाखवतोय पण धुकं आहे, आर्द्रता ९५ टक्के, तर गन बंदच ठेवाव्या लागतात. म्हणजे "बाहेर एवढी थंडी होती तरी मशीन बंद!" ही तक्रार करायच्या आधी आर्द्रता बघून घ्या, नाहीतर समोरचा एका वाक्यात तुम्हाला गप्प करेल.

डेटा कुठून घ्यायचा? खालच्या गावाचा अंदाज काही कामाचा नाही. डोंगरावर, शक्यतो उताराच्या मधल्या उंचीवर जे हवामान केंद्र असेल त्याच्या तासातासाच्या जुन्या नोंदी काढा, आल्प्समध्ये आणि अमेरिकेत त्या बहुतेक ठिकाणी फुकट मिळतात. केंद्र नसेल तर दर हजार मीटरला साधारण साडेसहा डिग्री कमी असा ढोबळ हिशोब लावतात, पण हिवाळ्यात शांत, निरभ्र रात्री हा हिशोब उलटा पडतो, गार हवा जड असल्यामुळे दरीत जाऊन बसते आणि वरचा उतार खालच्या पार्किंगपेक्षा उबदार असतो. अशा वेळी पायथ्याच्या गन धडाधड चालू आणि वरच्या बंद दिसल्या तर तो आळस नाहीये, ते बरोबर करतायत.

नोव्हेंबरपासूनच्या नोंदी घेऊन वेट बल्ब उणे २.५ च्या खाली किती तास होता ते मोजायचं. वेट बल्ब काढणारे कॅल्क्युलेटर ऑनलाइन भरपूर आहेत. एक संध्याकाळ जाते, पण त्यानंतर तुम्ही अंदाजाने नाही तर आकड्याने बोलता. आणि तास सलग होते की तुटक तेही लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

मग त्या तासांचं काय झालं

आता वेबकॅम. बऱ्याच रिसॉर्टच्या कॅमेऱ्यांचं जुनं फुटेज किंवा फोटो काही दिवस मागेपर्यंत बघता येतात. ज्या रात्री थंडी होती त्या रात्री गन चालू होत्या का? सगळ्या की चारच? पहाटे दोनला चालू आणि पाचला बंद असं काही दिसतं का?

तुटक थंडीचा मुद्दा इथे येतो. वाईट हिवाळ्यात थंडी सलग आठवडाभर मिळत नाही, मिळते ती रात्री अकरा ते पहाटे पाच अशी तुकड्या-तुकड्यात. ज्याच्याकडे ऑटोमॅटिक सिस्टिम आहे तो सेन्सरने आकडा बघतो आणि काही मिनिटांत सगळी लाइन चालू करतो. ज्याच्याकडे जुनी सिस्टिम आहे तिथे माणसं स्नोमोबाइलवरून एकेका हायड्रंटपाशी (गनला पाणी देणाऱ्या नळापाशी) जाऊन हाताने व्हॉल्व्ह उघडतात, शेवटची गन चालू होईपर्यंत दोन तास गेलेले, आणि सहा तासांची रात्र चारची झाली. आता ही सिस्टिम बदलायची की त्या पैशात नवीन झगमगीत गोंडोला आणि डोंगरमाथ्यावर रेस्टॉरंट काढायचं हे पाच वर्षांपूर्वी कोणीतरी मीटिंगमध्ये ठरवलेलं असतं. माझ्या मते खराब सीझनचा निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो, हवामानाचा त्यात काही संबंध नाही.

पाण्याचंही तसंच. एक हेक्टर उतारावर ३० सेंटिमीटरचा थर द्यायचा तर ३,००० घनमीटर बर्फ लागतो, आणि त्यासाठी अंदाजे १,२०० ते १,५०० घनमीटर पाणी, म्हणजे १२ ते १५ लाख लिटर, वाऱ्याने उडून जातं ते वेगळं. हे पाणी नदीतून पाहिजे तेव्हा पाहिजे तेवढं उपसता येत नाही, परवानगीची मर्यादा असते, म्हणून शहाणे लोक मोठा तलाव बांधून आधीच भरून ठेवतात. थंडी आहे, माणसं आहेत, आणि तिसऱ्या रात्री तलावाचा तळ दिसला, हे मॅनेजमेंटचं अपयश. उन्हाळ्यात पाऊसच झाला नाही आणि सरकारने उपसा थांबवला तर मात्र बिचारे काय करणार.

बनवलेला बर्फ टाकला कुठे हेही बघा, खरं कसब इथेच कळतं. कमी तास मिळाले तर अनुभवी माणूस एकच रन (स्की करायचा आखलेला उतार) निवडतो, वरच्या लिफ्टपासून पायथ्यापर्यंत जोडलेला, आणि सगळी ताकद तिथेच लावतो. कच्चा माणूस पाच रनवर थोडं थोडं शिंपडतो, फोटोत सगळीकडे पांढरं दिसतं, आणि एक उबदार दुपार आली की पाचही रनवर दगड वर. शिवाय गनखाली जे ढिगारे साठतात ते लगेच पसरायचे नसतात, त्यातलं जास्तीचं पाणी निथळून जायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर सकाळी ग्रूमरने (बर्फ सपाट करणाऱ्या गाडीने) छान कॉर्डरॉय, म्हणजे बारीक रेघांचा पट्टा, काढलेलं दिसतं आणि दुपारपर्यंत त्याची काचेसारखी कडक, निसरडी पाटी होते. सुट्टीचा वीकेंड तोंडावर आला की वरून दबाव येतो आणि ढिगारे कच्चे पसरले जातात. बोलायला कोणी तयार नसतं पण होतं.

अजून एक, उन्हाळ्याची कामं. गवत कापून, दगड काढून गुळगुळीत केलेला उतार थोड्याशा थरावर उघडता येतो, खडकाळ उताराला त्याच्या कितीतरी पट बर्फ लागतो. फिनलंडमध्ये लेवी आणि रुका इथे तर आधीच्या हिवाळ्याचा बर्फ ढीग करून झाकून ठेवतात आणि शरद ऋतूत पुन्हा पसरून सीझन लवकर सुरू करतात. सगळ्यांना हे जमणार नाही, पण "आमच्या हातात काहीच नव्हतं" म्हणणाऱ्याला जून-जुलैत काय केलंत हे विचारायला हरकत नाही.

शेजाऱ्याशी तुलना करा, पण जपून

त्याच डोंगररांगेतलं, त्याच उंचीचं, त्याच दिशेला तोंड असलेलं दुसरं रिसॉर्ट शोधा. त्याचे वीस रन चालू आणि तुमच्याचे सहा, तर हवामानाची सबब संपली. पण उंचीत ३००-४०० मीटरचा फरक असेल तर सोडून द्या, पाऊस आणि बर्फ यांच्यातली रेघ तेवढ्यात बदलते. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेला उतार सावलीत राहतो, दक्षिणेकडचा दुपारी वितळतो, हेही बघा. आणि ज्या ठिकाणाची मदार नैसर्गिक बर्फावरच आहे त्याला या मापाने मोजू नका, गुलमर्गला जानेवारी २०२४ मध्ये महिन्याचा बहुतेक काळ कोरडा गेला तेव्हा मॅनेजमेंटला शिव्या घालून काही उपयोग नव्हता.

स्नो रिपोर्ट वाचताना डोळे झाकून विश्वास ठेवू नका

डार्टमथ कॉलेजच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी रिसॉर्टनी स्वतः जाहीर केलेले आकडे तपासले तर वीकेंडला ताजा बर्फ २३ टक्के जास्त पडत असल्याचं दिसलं. आभाळाला शनिवार-रविवार कळत नाही, त्यामुळे काय ते समजून घ्या. त्यांच्याच अभ्यासात हेही होतं की फोनवरून स्कीअर स्वतः रिपोर्ट टाकायला लागले तशी ही फुगवाफुगवी कमी झाली.

"बेस १२० सेंटिमीटर", म्हणजे जमिनीवर साठलेला थर एवढा, असं लिहिलेलं असेल तर कुठे मोजला ते बघा. सगळ्यात वरच्या टोकाला, सावलीत, वाऱ्याने बर्फ आणून टाकलेल्या खळग्यात १२० निघतीलही. "७० टक्के उघडं" म्हणजे ७० टक्के रन, की क्षेत्रफळ, की लिफ्ट? अर्ध्या रुंदीचा रनही मोजणीत एक धरला जातो. अमेरिकेच्या पूर्वेकडचे स्कीअर तपकिरी डोंगरावरच्या त्या एकट्या पट्टीला व्हाइट रिबन ऑफ डेथ म्हणतात, त्यात अतिशयोक्ती फार नाही, सगळी गर्दी तिथेच आणि कडेला बर्फ संपून दगड. जानेवारी २०२३ मध्ये आल्प्समध्ये इतका उबारा होता की स्वित्झर्लंडमधल्या अडेलबोडेनची स्की वर्ल्ड कप रेससुद्धा हिरव्या-तपकिरी उतारावरच्या अशाच मशीनच्या पट्टीवर झाली.

माझ्यासाठी खरा रिपोर्ट म्हणजे बर्फ मोजायच्या काठीवरचा कॅमेरा. तो कॅमेरा नेमका वादळाच्या दिवशी "मेंटेनन्ससाठी बंद" असेल तर मी समजायचं ते समजतो.

बर्फ आहे पण लिफ्ट बंद

इथे कारण शोधायला लागतं कारण बोर्डावर नुसतं "बंद" लिहिलेलं असतं. वारा असेल, विशेषतः आडवा, तर चेअरलिफ्ट (खुर्च्यांची लिफ्ट) थांबवणं बरोबरच आहे, त्यावर भांडू नका. मोठ्या बर्फवृष्टीनंतर वरचा भाग उशिरा उघडतो कारण स्की पेट्रोलला, म्हणजे उतारावरच्या सुरक्षा पथकाला, हिमस्खलनाचा धोका काढून टाकायचा असतो, त्यावर तर अजिबात भांडू नका. पण आकाश निळं, वारा नाही, बर्फ भरपूर, आणि तरी लिफ्ट बंद, असं रोज दिसायला लागलं तर बहुतेक वेळा माणसं कमी असतात. याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं पार्क सिटी. २७ डिसेंबर २०२४ ला तिथल्या स्की पेट्रोलने पगारासाठी संप केला, तो ८ जानेवारी २०२५ ला मिटला, आणि ऐन सुट्टीच्या गर्दीत बराचसा डोंगर बंद आणि चालू लिफ्टला लांबलचक रांगा. सुरुवातीचा पगार ताशी २१ डॉलरवरून २३ व्हावा ही मागणी होती. हे हवामानाच्या खात्यात कसं टाकणार?

कधी माफ करायचं

पावसाला. आठवडाभर खपून बनवलेल्या थरावर एक रात्र पाऊस पडला, वर उबदार वारा सुटला, की सगळं खलास, आणि जगातलं कुठलंही मॅनेजमेंट ते थांबवू शकत नाही. कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०१५ ला सिएरा नेवाडातला हिमसाठा सरासरीच्या ५ टक्के होता, तिथे कोणाला दोष देणार. अशा वेळी बघायचं ते एवढंच की त्यांनी खरं सांगितलं का आणि दर कमी केले का. दोन रन चालू ठेवून पूर्ण तिकीट घेणाऱ्याला मी तरी माफ करत नाही, पाऊस असो नाहीतर ऊन.

पैसे आणि तक्रार

पास घ्यायच्या आधी परताव्याच्या अटी वाचा, आणि त्यात "बंद" म्हणजे काय ते शोधा. बऱ्याच ठिकाणी एक लिफ्ट चालू असली तरी रिसॉर्ट कागदोपत्री चालूच धरतात, आणि पासचा इन्शुरन्स पाय मोडला तर पैसे देतो, बर्फ कमी पडला म्हणून सहसा देत नाही. शंका असलेल्या वर्षी आगाऊ हॉटेल घ्यायचंच असेल तर रद्द करता येईल असं घ्या, आणि उंच, उत्तरेकडे तोंड असलेलं ठिकाण निवडा, भले दोन तास जास्त प्रवास होवो.

तक्रार लिहिताना "तुमचं मॅनेजमेंट भंगार आहे" असं लिहिलं तर छापील उत्तर येतं. त्याऐवजी तारखा द्या, अमुक तीन रात्री मधल्या केंद्रावर वेट बल्ब उणे ४ च्या खाली सलग इतके तास होता, वेबकॅमवर गन बंद होत्या, शेजारच्याच्या चालू होत्या, कारण सांगा. सोबत स्क्रीनशॉट जोडा, आणि ते त्याच दिवशी काढून ठेवा कारण जुनं फुटेज पुसलं जातं. मेल कस्टमर केअरला पाठवाच पण माउंटन ऑपरेशन्सलाही (लिफ्ट आणि गन चालवणाऱ्या विभागाला) कॉपी ठेवा, गन का बंद होत्या ते तिथल्याच कोणालातरी माहीत असतं, आणि पंप जळला होता असं सरळ उत्तर आलं तर निदान पुढच्या सीझनचा पास घेताना तो पंप दुरुस्त झालाय का हे तरी विचारता येईल.