यीस्टवर होमिओपॅथीचं औषध तपासायचंय? आधी पाकीट बंद करा

उष्णतेचा ताण दिलेल्या यीस्टच्या पेशी आर्सेनिकम अल्बम ३० मुळे जास्त तगतात का, हे कॉलेजच्या लॅबमध्ये दोन दिवसांत तपासता येतं.

केकच्या सामानाच्या दुकानातलं कोरडं यीस्ट २ ग्रॅम, २०० मिली कोमट साखरपाण्यात तासभर. मग ५० अंश सेल्सिअसला दहा मिनिटं. निम्म्याच्या आसपास पेशी मरायला हव्यात. सगळ्याच मेल्या तर औषध तपासणार कुणावर? वेळ आदल्या दिवशीच जुळवून घ्या. गार झाल्यावर बारा नळ्यांत १०-१० मिली. सहा नळ्यांत ०.१ मिली औषध, उरलेल्या सहांत तुलनेचा द्रव.

इथेच बहुतेकांची माती होते. तुलनेला साधं पाणी घ्या, असं कुणी सांगितलं तर सरळ दुर्लक्ष करा. ३० पोटेन्सी म्हणजे मूळ द्रव्य १०^६० पट विरळ. बारा पोटेन्सीच्या पुढे त्याचा एखादा रेणूही सापडण्याची आशा सोडा. बाटलीत असतं ते मुख्यतः अल्कोहोल, आणि अल्कोहोल यीस्टला स्वतःच ताण देतं. तेव्हा तुलनेलाही तेवढ्याच टक्क्यांचं अल्कोहोल, तसल्याच काचेच्या बाटलीत, औषध बनवताना बाटली जशी जोरजोरात हलवतात तसे तेवढेच झटके देऊन. टक्के लेबलवर छापलेले असतात.

दुसरा खड्डा आपल्या डोळ्यांत. मिथिलीन ब्लू या रंगात मेलेली पेशी निळी दिसते, जिवंत पेशी रंग घालवते. आणि फिकट निळी? पहिल्या वर्षी औषधाच्या नळीतल्या फिकट पेशी मी जिवंत धरल्या, दुसऱ्या नळीतल्या मेलेल्या. मुद्दाम नाही. आकडे सुरेख आले, सगळे फेकावे लागले. फ्रेंच शास्त्रज्ञ बेनव्हेनिस्त यांचा अतिविरळ द्रावणांवरचा १९८८ मधला प्रयोग आठवा: ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाच्या पथकासमोर नळ्यांवर सांकेतिक क्रमांक घालून मोजणी झाली आणि परिणाम नाहीसा झाला.

म्हणून मोजणीत नसलेल्या माणसाने नाणं उडवून नळ्यांना क्रमांक द्यावेत, यादी पाकिटात बंद करावी आणि तिथून निघून जावं. नियम आधीच लिहा: फिकट ती मेलेली, कळी (पेशीला फुटणारी नवी पेशी) आईच्या निम्म्याहून मोठी असेल तर वेगळी पेशी. मग पाकिटाला हात लावू नका.

दोन तासांनी रंग घाला आणि लगेच मोजा. उशीर केलात तर रंगच पेशी मारतो. दर नळीत ३०० पेशी. बाराही आकडे शाईने वहीत उतरले, की पाकीट फोडा.