घरच्या व्हीलचेअर रॅम्पसाठी साहित्य निवडताना: ठाणे-नवी मुंबईच्या पावसाचा आणि खाऱ्या हवेचा हिशेब

रॅम्प लोखंडाचा की सिमेंटचा, हे ठरवण्याआधी टेप घ्या आणि बाहेरच्या जमिनीपासून आतल्या फरशीपर्यंतची उभी उंची मोजा. उंबरठाही त्यात धरा. आलेल्या आकड्याला १२ ने गुणा, तेवढी रॅम्पची लांबी. १५ सेंमीची एक पायरी असेल तर १.८ मीटर, दोन असतील तर ३.६, तीन असतील तर ५.४ मीटर. जागा नाही म्हणून १:८ चा चढ काढला, की ढकलणाऱ्याला धाप लागते आणि उतरताना खुर्ची त्यालाच ओढत नेते. रुंदी कठड्यांच्या आत किमान ९० सेंमी, जमलं तर एक मीटर ठेवा. वर दारापुढे दीड मीटर लांब-रुंद सपाट जागा लागतेच, नाहीतर कुलूप उघडेपर्यंत खुर्ची मागे घरंगळते.

आता साहित्य. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि वर्षभर खाडीचा दमट, खारा वारा. कळवा, विटावा, ऐरोली, वाशी, कोपरखैरणे या पट्ट्यात साधं लोखंड उघड्यावर फार वर्षं तग धरत नाही. म्हणून दुकानदाराला विचारायचे दोन प्रश्न: ओलं झाल्यावर चाक घसरेल का, आणि आतून कुजेल किंवा गंजेल का? वजन पेलण्याची काळजी त्यानंतरची. साधी खुर्ची, बसलेला माणूस आणि ढकलणारा मिळून पावणेदोनशे किलोच्या आसपास भरतात. बॅटरीवरची खुर्ची असेल तर आणखी शंभरेक धरा. ३०० किलो पेलेल असा सांगाडा कुठलाही चांगला वेल्डर करून देतो.

घर भाड्याचं असेल किंवा इमारत पुनर्विकासाला निघाली असेल, तर सिमेंट ओतूच नका. नौपाडा, उथळसर भागातल्या जुन्या सोसायट्यांत हा विचार आधी करावा. नट-बोल्टवर जोडलेला सुटा लोखंडी रॅम्प सोसायटीच्या कमिटीलाही लवकर पटतो आणि घर बदलताना सोबत नेता येतो. बाहेरच्या जागेवर काहीही बसवायचं तर कमिटीची लेखी परवानगी आधी घ्या. रॅम्पखाली गटाराचं चेंबर येत असेल, तर तेवढा तुकडा उचलता येईल असा वेगळा ठेवा. ऐन जुलैत गटार तुंबल्यावर त्याची किंमत कळते.

लोखंडी रॅम्पला ५०×५०×५ मिमीच्या अँगलचा (एल आकाराच्या लोखंडी पट्टीचा) सांगाडा, दर ३० ते ४० सेंमीवर आडवा अँगल आणि वर ३ मिमीची चेकर प्लेट, म्हणजे उठावाची नक्षी असलेला पत्रा, पुरते. या प्लेटचा एक चौरस मीटर साधारण २५ किलो भरतो, म्हणून लांब रॅम्प दीड-दोन मीटरच्या तुकड्यांत करून घ्या. पाय थेट मातीत किंवा लादीवर टेकवू नका. १० सेंमी उंच काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बेस प्लेट ठेवून बोल्ट मारा. साचलेलं पाणी सगळ्यात आधी पायच खातं.

फॅब्रिकेटर बहुधा बॉक्स पाइप सुचवेल, कारण काम झटपट होतं. पण त्यात पाणी शिरलं की पाइप आतून गंजतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत दिसतो. अँगल उघडा असतो, त्याचा गंज डोळ्यांना दिसतो. आमची पसंती अँगललाच. बाजारात मिळणारा पातळ जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप वेल्ड केला तर जोडावरचा जस्ताचा थर जळतो, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

नुसता रेड ऑक्साइड मारून काम संपलं असं कुणी म्हणालं, तर मान्य करू नका. तो प्रायमर आहे, त्यावर एनॅमल किंवा एपॉक्सीचे दोन हात हवेतच. त्याहून चांगला उपाय म्हणजे हॉट डिप गॅल्व्हनायझिंग. वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याच्या औद्योगिक पट्ट्यात फॅब्रिकेटरकडे चौकशी करा. यात सगळं कापणं, भोकं पाडणं आणि वेल्डिंग आधी उरकायचं आणि मग तुकडे वितळलेल्या जस्तात बुडवायचे. सांगाड्यात कुठे बंद पाइप असेल तर त्याला भोकं ठेवावीच लागतात. जस्त ४५० अंशांच्या आसपास तापलेलं असतं आणि आत कोंडलेल्या हवेने पाइप फुटू शकतो. जागेवर आणल्यावर एखादं भोक वाढवावं लागलं, तर उघड्या पडलेल्या धातूवर झिंक-रिच, म्हणजे जस्त भरपूर असलेला, रंग लावा.

चेकर प्लेटवरच्या उठावाच्या नक्षीमुळे ती घसरत नाही, हा समज खोटा आहे. ओली आणि वर चिखलाचा पातळ थर, म्हणजे पाय सटकलाच. रंगवलेल्या प्लेटवर दोन भागांची एपॉक्सी लावून ती ओली असतानाच वर क्वार्ट्झची रेती भुरभुरा. ग्रिटची (खरखरीत) चिकटपट्टी पहिल्या पावसात कडेने सुटते, तिच्यावर विसंबू नका. फायबरची एफआरपी जाळी गंजत नाही आणि पाणीही खाली जातं. मात्र नेहमीच्या ३८ मिमी चौकोनांत खुर्चीची पुढची लहान चाकं अडकतात. वरून बंद, खरखरीत पृष्ठभागाचीच घ्या.

ॲल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच. गाडीत टाकून न्यायच्या घडीच्या रॅम्पला तेच बरं. फक्त ते लोखंडाला थेट टेकू देऊ नका, मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. दोन धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम झिजतं.

कठड्याला स्टेनलेस स्टीलची ३८ मिमी नळी, एक ९० सेंमी उंचीवर आणि दुसरी ७५ च्या आसपास. भिंतीपासून ५ सेंमी मोकळं, नाहीतर बोटं सोलतात. ‘चुंबक चिकटत नाही, म्हणजे ३०४’ (स्टेनलेसचा चांगला ग्रेड) असं सांगून २०२ हा हलका ग्रेड विकला जातो. चुंबक २०२ लाही चिकटत नाही, आणि खाडीजवळ त्यावर तांबूस डाग लवकर येतात. बिलावर ग्रेड लिहून घ्या आणि दुकानातच थेंब टाकून करायची केमिकल चाचणी करायला सांगा. रॅम्पच्या दोन्ही कडांना ५ ते ७ सेंमी उंच पट्टी हवी, म्हणजे चाक बाहेर जात नाही.

स्वतःच्या रो-हाऊसला मात्र काँक्रीटसारखं दुसरं नाही. नवी मुंबईत बरीच जमीन भरावाची आहे; घर खांबांवर स्थिर राहतं आणि भोवतालची जमीन खचते. त्यामुळे रॅम्प जोत्याला एकजीव करू नका. मध्ये १२ मिमीची फट ठेवून ती सीलंटने भरा, खाली दगडाचं सोलिंग नीट ठोकून घ्या. वर १० सेंमी जाडीचा एम-२० चा थर (१ सिमेंट, दीड रेती, ३ खडी), त्यात ८ मिमीच्या सळ्या दोन्ही दिशांना २० सेंमीवर. ३.६ × १ मीटरच्या रॅम्पला या थरासाठी साधारण तीन गोणी सिमेंट लागतं. खालच्या टोकाला थर पातळ होत शून्यावर आणला, की ते टोक महिन्या-दोन महिन्यांत फुटतं. तिथे १५ सेंमी खणून पूर्ण जाडी जमिनीत उतरवा.

गवंड्याला घोटाई करू देऊ नका, हे काम सुरू व्हायच्या आधीच सांगा. लाकडी रंध्याने सपाट करून ओल्या काँक्रीटवर कडक झाडू आडवा ओढायचा, उताराच्या काटकोनात. गुळगुळीत कोब्यावर जुलैत शेवाळ धरतं. पॉलिश केलेला कोटा, व्हिट्रिफाइड टाइल्स अजिबात नकोत. दगडच हवा असेल तर फ्लेम फिनिश, म्हणजे आगीच्या झोताने खरखरीत केलेला, ग्रॅनाइट. ओलं गोणपाट घालून दहा दिवस पाणी मारा, तोवर खुर्ची नको.

लाकूड बाहेर नकोच, वाळवी आणि पाऊस त्याला वर्षं काढू देत नाहीत. घरात दोन-तीन महिन्यांपुरतं हवं असेल, तर १९ मिमीचा मरीन प्लाय घ्या. त्यावर आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघा, दुकानदाराच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नका. खाली दर ४० सेंमीवर आधार द्या आणि कापलेल्या कडा रंगाने बंद करा. बाथरूमच्या अडीच सेंमी उंबऱ्याला ३० सेंमी लांब रबरी पाचर पुरते.

काम झाल्यावर शेवटचा हप्ता देण्याआधी बादलीभर पाणी रॅम्पवर ओता आणि दोन सिमेंटच्या गोणी बांधलेली रिकामी खुर्ची वर-खाली न्या. चाक कुठे घसरतं, प्लेट कुठे दबते, खालच्या टोकाला पाणी कुठे साचतं, ते फॅब्रिकेटर किंवा गवंडी समोर असतानाच दाखवा.