मॉक ट्रायलला नाव दिलंय? मग तयारी अशी करा

अमेरिकेत हायस्कूलला असलेल्या मुलांच्या मराठी आईबाबांसाठी हे लिहितेय, आणि मुलांना मराठी वाचता येत असेल तर त्यांनीही वाचा. मी इथे न्यू जर्सीत एका शाळेच्या मॉक ट्रायलच्या टीमला, म्हणजे मुलं वकील आणि साक्षीदार होऊन खोटा खटला लढवतात त्या स्पर्धेच्या टीमला, मदत करते आणि शाळा सुरू झाली की ओळखीच्या घरांतून तोच प्रश्न येतो, की नववीतल्या मुलाने नाव दिलंय, आता घरी भाषण पाठ करून घेऊ का? नका घेऊ. आपल्या डोक्यात वक्तृत्व स्पर्धा बसलेली असते, आवाज चढवायचा, हातवारे, शेवटी टाळ्या. मॉक ट्रायलमध्ये जिंकतं ते ऐकणारं मूल. समोरचा साक्षीदार काय बोलला, कुठला शब्द गाळला, समोरच्या वकिलाने प्रश्न कसा विचारला, हे ज्याला त्या क्षणी पकडता येतं त्याला मार्क पडतात.

आधी थोडक्यात खेळ समजून घ्या. दर सिझनला एक काल्पनिक केस मिळते, त्याला पॅकेट म्हणतात. त्यात आरोपपत्र किंवा दाव्याचा कागद, दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं, पुराव्याचे कागद आणि फोटो, दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या गोष्टी आणि पुराव्याचे नियम असं सगळं असतं. नियम म्हणजे इथल्या फेडरल कोर्टाच्या पुरावा नियमांची मुलांसाठी सोपी केलेली आवृत्ती. पॅकेटच्या बाहेरचं काहीही चालत नाही, गूगल करून आणलेला कायदा नाही, कुणा काकांनी सांगितलेला मुद्दा नाही. आणि टीमला दोन्ही बाजू तयार कराव्या लागतात, सकाळी सरकारी वकील तर दुपारी बचाव पक्ष. नॅशनल लेव्हलला एका राउंडमध्ये एका टीमचे तीन वकील आणि तीन साक्षीदार उभे राहतात.

स्पर्धा राज्याराज्यात वेगळी असते, त्यामुळे मैत्रिणीच्या मुलीचा टेक्सासचा अनुभव तुमच्याकडे जसाच्या तसा लागू होईलच असं नाही. न्यू जर्सीत स्टेट बारचं, म्हणजे वकिलांच्या संघटनेचं, फाउंडेशन चालवतं, कॅलिफोर्नियात केस कायम फौजदारी असते आणि ट्रायलच्या आधी संविधानाच्या एखाद्या मुद्द्यावर वेगळा युक्तिवाद करावा लागतो. राज्यांचे विजेते मे महिन्यात नॅशनलला भेटतात, ती स्पर्धा 1984 साली आयोवातल्या डी मॉइन इथे पाच राज्यांच्या टीम घेऊन सुरू झाली. म्हणून पहिलं काम हे, की आपल्या राज्याचं रूलबुक प्रिंट काढून मुलाच्या हातात द्या आणि वेळेचं पान आधी वाचायला सांगा. नॅशनलचं गणित साधारण असं, ओपनिंगला (सुरुवातीचं भाषण) 5 मिनिटं, तिन्ही डायरेक्ट (आपल्या साक्षीदाराला विचारायचे प्रश्न) मिळून 25, तिन्ही क्रॉस (समोरच्या साक्षीदाराची उलटतपासणी) मिळून 20, क्लोजिंगला (शेवटचं भाषण) 5. मिळून आहे हे लक्षात घ्या, म्हणजे पहिल्या वकिलाने क्रॉसमध्ये बारा मिनिटं खाल्ली तर तिसऱ्याच्या वाट्याला काय उरणार.

एक गोष्ट आईबाबांना सांगावी लागतेच. केसचा निकाल आणि स्पर्धेचा निकाल वेगळा असतो. आरोपी सुटला का अडकला यावर काही नाही, बहुतेक ठिकाणी प्रत्येक मुलाला प्रत्येक भूमिकेसाठी 1 ते 10 असे मार्क देतात आणि ज्या टीमची बेरीज जास्त ती तो बॅलट, म्हणजे त्या परीक्षकाची गुणपत्रिका, जिंकते. मार्क देणारे बहुतेक खरे वकील असतात, स्वतःचा वेळ काढून आलेले, आणि ते बऱ्याचदा ज्युरीच्या जागी बसतात. आपल्याला ज्युरीची सवयच नाही, भारतात ज्युरी हळूहळू बंद होत गेली आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच राहिली नाही. मुंबईतला 1959 चा नानावटी खटला आठवत असेल, ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष म्हटलं आणि हायकोर्टाने ते फिरवलं. तर इथे मूल बोलतंय ते जजशी कमी आणि त्या खुर्च्यांत बसलेल्या माणसांशी जास्त, कायदा न शिकलेल्या माणसाला कळेल अशा भाषेत. जड जड शब्द वापरले की मार्क वाढतात हा गैरसमज आहे.

साक्षीदाराची भूमिका मिळाली म्हणून घरात तोंडं पाडू नका. आपल्याकडे वकील झाला म्हणजे हिरो आणि साक्षीदार म्हणजे उरलासुरला असं वाटतं, मला याचा फार राग येतो, कारण साक्षीदाराला डायरेक्ट आणि क्रॉस दोन्हीचे मार्क असतात आणि चांगला साक्षीदार अख्खी टीम उचलून धरतो. त्याने प्रतिज्ञापत्र असं वाचलेलं हवं की ओळ सांगितली की पान आठवेल. पण बोलताना पाठ केल्यासारखं नाही यायला पाहिजे, तो माणूस तसाच बोलतो असं वाटलं पाहिजे. म्हणजे रात्रपाळीचा वॉचमन असेल तर थकलेला, मोजकं बोलणारा, आणि फोरेन्सिक तज्ज्ञ असेल तर कठीण गोष्ट हातात घेऊन समजावून सांगणारा. क्रॉसमध्ये भांडायचं नाही. खरं असेल तर सरळ हो म्हणायचं, उगाच आढेवेढे घेतले की मार्क देणाऱ्यांना ते लगेच दिसतं.

आता क्रॉस, यावर जरा जास्त वेळ घालवते कारण सगळा जीव इथेच आहे. समजा केस अशी आहे, ही मी बनवलेली, की एका रेस्टॉरंटच्या मागच्या पार्किंगमध्ये रात्री मालकाच्या गाडीची काच फुटली आणि बॅग गेली, आरोप आहे कामावरून काढलेल्या कुकवर. शेजारच्या लाँड्रीतला रिली साक्षीदार आहे आणि त्याच्या प्रतिज्ञापत्रात लिहिलंय, मी कचरा टाकायला मागच्या दाराने बाहेर आलो, पाऊस सुरू झाला होता, चष्मा आत काउंटरवर राहिला होता, गाडी साधारण 60 फूट लांब होती, त्या माणसाचा चेहरा मला ओळखीचा वाटला.

नवीन मूल उठून काय विचारतं, "मग तुम्हाला एवढ्या लांबून दिसलं कसं?" झालं, वाट लागली. रिली आता निवांत दोन मिनिटं सांगणार की दिवा होता, मी त्याला रोज बघायचो, त्याची चाल ओळखतो. क्रॉसमध्ये का आणि कसं हे शब्द तोंडातून काढायचेच नाहीत. असं विचारायचं:

"तुम्ही कचरा टाकायला बाहेर आला होतात, बरोबर?"
"कुणावर नजर ठेवायला आला नव्हतात?"
"पाऊस पडत होता?"
"रात्रीची वेळ होती?"
"गाडी 60 फुटांवर होती?"
"तुम्हाला चष्मा आहे?"
"तो त्या वेळी आत काउंटरवर होता?"

आणि बसायचं. एका प्रश्नात एकच गोष्ट, उत्तर फक्त हो किंवा नाही, आणि प्रत्येक प्रश्नाच्या मागे पॅकेटमधली ओळ. म्हणजे तुम्हाला नीट दिसलं नाही ना, हा शेवटचा प्रश्न जिभेवर आलेला असतो पण तो विचारायचा नाही, तो क्लोजिंगसाठी ठेवायचा, तिथे रिली उत्तर द्यायला नसतो.

आता रिली हुशार निघाला आणि म्हणाला, चष्मा घातला होता. इथे ऐकणारं मूल आणि पाठ केलेलं मूल यातला फरक दिसतो, कारण पाठ केलेलं मूल पुढच्या प्रश्नाकडे निघून जातं. थांबायचं, शांतपणे त्याच्याकडून ते परत वदवून घ्यायचं, "आत्ता तुम्ही म्हणालात की चष्मा घातला होता?" मग विचारायचं की या प्रकरणात तुम्ही शपथेवर प्रतिज्ञापत्र दिलंय का, खालची सही तुमची का, सगळं महत्त्वाचं त्यात लिहिलंय का. मग कागद समोरच्या वकिलाला दाखवायचा, जजची परवानगी घेऊन साक्षीदाराजवळ जायचं, पान आणि ओळ सांगायची आणि वाक्य स्वतः वाचायचं, त्याला वाचायला द्यायचं नाही. "मी बरोबर वाचलं ना?" हो म्हणाला की विषय बंद, खोटं बोलताय का वगैरे काही नाही, चेहऱ्यावर आनंद पण नाही. घरी हे वीसदा करून घ्या, कागद हातात घेऊन, उठून चालत जाऊन, कारण बसल्या जागी येतं आणि उभं राहिलं की पान सापडत नाही असं फार होतं.

डायरेक्टचं उलटं आहे, तिथे उत्तर सुचवणारा प्रश्न चालत नाही. मग काय झालं, तुम्ही कुठे होता, तुम्हाला काय दिसलं, असे छोटे मोकळे प्रश्न, आणि वकिलाने मागे राहायचं, साक्षीदार बोलला पाहिजे.

ऑब्जेक्शनला मुलं घाबरतात. सगळे नियम एकदम पाठ करायला बसू नका. आधी पाचसहा पक्के करा, सूचक प्रश्न, असंबद्ध, ऐकीव, स्वतःला माहीत नसलेलं, तज्ज्ञ नसताना दिलेलं तज्ज्ञासारखं मत, आणि पॅकेटमध्ये नसलेली महत्त्वाची गोष्ट साक्षीदाराने मनाने घातली तर त्याचं वेगळं ऑब्जेक्शन. साधारणपणे त्या साक्षीदाराला जो वकील सांभाळतोय तोच ऑब्जेक्शन घेऊ शकतो, शेजारच्याने उठायचं नाही. ऐकीव पुरावा सगळ्यात जास्त गोंधळाचा आहे म्हणून आपल्या केसमधलंच बघा. रिली सांगतो, तो कुक मला आधी म्हणाला होता की मालकाला बघून घेईन. बचाव पक्ष हिअरसे, म्हणजे ऐकीव, म्हणून उठेल. पण सरकारी पक्ष आरोपीचंच वाक्य आरोपीविरुद्ध वापरतोय, आणि नियम 801(डी)(2) प्रमाणे ते हिअरसे धरत नाहीत, मुलाने हा नंबर आणि एका वाक्यात कारण सांगितलं की झालं. आता उलटं, बचावाच्या साक्षीदाराने सांगितलं की कुक मला म्हणाला मी काही केलं नाही. आरोपीचं वाक्य बचावाने स्वतःच्या फायद्यासाठी आणलं तर ही सवलत मिळत नाही. ही जोडी कळली की अर्धा विषय कळला. आणि ऑब्जेक्शन फेटाळलं गेलं तर चेहरा पाडायचा नाही, थँक यू युवर ऑनर म्हणून पुढे. प्रत्येक वाक्याला उठणारं मूल मात्र मार्क देणाऱ्यांना नकोसं होतं, ज्याने आपली केस दुखतेय तिथेच उठायचं.

ओपनिंग पाठ असलेलं चालतं, त्यात गोष्ट सांगायची आणि वाद घालायचा नाही. क्लोजिंग अख्खं पाठ करून आणलेलं मला अजिबात आवडत नाही, कारण त्यात आज कोर्टात काय झालं ते येतच नाही. साचा पाठ ठेवा, पण मध्ये तीनचार जागा मोकळ्या सोडा आणि राउंड चालू असताना लिगल पॅडवर साक्षीदारांची खरी वाक्यं टिपत राहा, रिली आज आपल्यासमोर म्हणाला चष्मा घातला होता, पण शपथेवर त्याने लिहिलंय की तो आत काउंटरवर होता, हे त्याच दिवशीचं वाक्य मार्क देणाऱ्याच्या कानात बसतं. फौजदारी केस असेल तर गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध झाला का, दिवाणी असेल तर कुणाचं पारडं थोडंसं तरी जड, हा फरक क्लोजिंगमध्ये आलाच पाहिजे.

घरी तुम्ही काय करायचं, तर कायदा शिकवायचा नाही. विरुद्ध पक्षाचे साक्षीदार व्हा. जेवण झाल्यावर रिलीचं प्रतिज्ञापत्र हातात घ्या आणि मुलाला क्रॉस करू दे, मधूनच मुद्दाम चुकीचं उत्तर द्या, मुद्दाम लांबण लावा, बघा त्याला पकडता येतंय का. आजीआजोबा आलेले असतील तर त्यांना ज्युरी करा आणि मराठीत क्लोजिंग ऐकवा, आजोबांना केस कळली तर मांडणी बरोबर आहे.

आणि स्पर्धेच्या दिवशी गप्प बसायचं, अगदी गप्प. राउंड सुरू झाला की कोचला सुद्धा टीमशी बोलता येत नाही, मान हलवणं, खुणा करणं, फोनवर मेसेज टाकणं, सगळं नियमाविरुद्ध, आणि त्याचा भुर्दंड मुलांना पडू शकतो. मधल्या सुट्टीत पाण्याची बाटली द्यायला पुढे जाऊ नका, आधीच बॅगेत भरून द्या, सोबत दोन पेनं, स्वच्छ पॅकेटची एक प्रत आणि काहीतरी कोरडं खायला. दुसऱ्या टीमचे राउंड बघायला पण जायचं नाही, बऱ्याच स्पर्धांत ते स्काउटिंग, म्हणजे समोरच्या टीमची टेहळणी, धरतात. संपल्यावर बॅलटवरचे शेरे मिळतील, ते त्या रात्री गाडीत वाचून दाखवू नका, मुलं दमलेली असतात. पुढच्या प्रॅक्टिसला सगळ्या टीमने एकत्र बसून वाचा आणि दोन जजनी एकच गोष्ट लिहिली असेल ती आधी घ्या.