घरी शिकणाऱ्या लेकीचं मराठी व्याकरण

व्याकरणाची पुस्तकं चाळली, तर बहुतेक सगळी विभक्तीच्या तक्त्यापासून सुरू: प्रथमा ते संबोधन, घोका! लेकीची अडचण निराळीच. ती बिनदिक्कत ‘देऊळमध्ये’, ‘कापूसचा’ लिहायची. म्हणजे गाडी सामान्यरूपावर (प्रत्यय लागताना शब्दाचं जे बदललेलं रूप होतं, त्यावर) अडली होती.

मग क्रमच उलटा केला. बालभारतीचं चौथीचं पुस्तक घेतलं (पीडीएफ फुकट मिळते). रोज एक उतारा, प्रत्यय लागलेल्या शब्दाखाली रेघ, शेजारी मूळ शब्द: देवळात–देऊळ, कापसाचा–कापूस, फुलाला–फूल. ‘फू’ दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व, हे तिनेच हेरलं. समास, अलंकार तूर्त बाजूला. घाई कुणाला आहे?

तक्ता आता ती स्वतः भरते. चतुर्थीपाशी मात्र कुरकुर: द्वितीयेचेच स, ला, ते पुन्हा कशाला? प्रश्न रास्त आहे.