लग्नात आणि अंधारात रंग बिघडतो तो कशामुळे? या चुका टाळा

नवा कॅमेरा घेतलेली पोरं फुटेज घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "दादा, रंग असा का आला?" मी आधी व्हाइट बॅलन्स बघतो, म्हणजे कॅमेरा कुठल्या उजेडाला पांढरं धरतो ते. तो ऑटोवरच असतो.

मागच्या लग्नसराईत आमच्या कोल्हापुरात रंकाळ्याच्या बाजूला एका कार्यालयात काम होतं. स्टेजवर पिवळे हॅलोजन, छताला पांढऱ्या ट्यूब, त्यात डीजेचे फिरते जांभळे एलईडी. माझ्या कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स मी ४२०० केल्विन या एकाच आकड्यावर बांधून ठेवला होता. दुसरा एका शिकाऊ पोराकडे. ऑटोवर ठेवू नको म्हणून दोनदा सांगितलं. "काय होत नाही दादा, एडिटला बघू की," म्हणाला. अक्षता पडताना जांभळा दिवा स्टेजवरून फिरला की त्याचा कॅमेरा तो रंग मारायला पिवळट हिरव्याकडे सरकायचा, दिवा गेला की दोन-तीन सेकंदांनी परत यायचा. एकाच शॉटमध्ये शालूचे तीन रंग! पूर्ण शॉट एका बाजूला झुकलेला असता तर एका फटक्यात सरळ केला असता. हा दर सेकंदाला हलत होता. चार रात्री बसून एकेक जागा सुधारली. तरी नवरीच्या आई म्हणाल्याच, "अहो, माझ्या लेकीला कावीळ झाल्यागत दिसतीय." बाई खरं बोलत होत्या. ते लग्न पुन्हा लागणार नव्हतं.

तेव्हापासून मुहूर्ताआधी अर्धा तास मी स्टेजवर जातो, नवरी उभी राहणार त्या जागी ग्रे कार्ड (नुसत्या राखाडी रंगाचा पुठ्ठा) धरतो आणि त्यावरून कस्टम बॅलन्स घेतो, म्हणजे त्याच जागेच्या उजेडाचा. पांढरा रुमाल धरू नका, त्याला नीळ घातलेली असते. अक्षतांपुरते रंगीत दिवे बंद ठेवायला डीजेवाल्याला आधीच गोडीनं सांगा, ऐकतात. जांभळ्या प्रकाशात चेहऱ्यावर हिरवा जवळजवळ नसतोच. नसलेला रंग कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही.

दुसरी चूक गेनची, म्हणजे कॅमेऱ्यानं सिग्नल वाढवून चित्र उजळ करायची. त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लागतात. पोरं गेन १८ डीबीवर नेतात, म्हणजे सिग्नल आठपट. मग आकाश राखाडी होऊन त्यात मुंग्या येतात आणि पणतीची ज्योत नुसता पांढरा ठिपका होते. अरे, पहाटेचा अंधार अंधारच दिसू दे की! मी ज्योतीच्या उजेडातला चेहरा बघून एक्स्पोजर लावतो, घाटाच्या पायऱ्या काळ्या गेल्या तर जाऊ देतो.

मात्र गेनला घाबरून सगळंच काळं शूट करायचं आणि घरी एडिटला उजळायचं, हेही चूकच. ग्रेन, म्हणजे त्याच मुंग्या, प्रकाश कमी पडल्यामुळे येतो. गेनचा आकडा खाली ठेवला म्हणून तो पळत नाही, काळे भाग उजळले की वर येतो. आणि अशा अंधारात आठ बिटच्या, म्हणजे कमी छटा साठवणाऱ्या कॅमेऱ्यावर लॉग (चित्र फिकं घेऊन रंग एडिटला चढवायचा मोड) लावणाऱ्यांना तर मी हात जोडतो. चार व्हिडिओ बघून लॉग लावायचा आणि एक्स्पोजर मोजायला शिकायचं नाही, हा उतावळेपणा मला सहन होत नाही. याच गावात मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी स्वतःचा कॅमेरा घडवला. आपल्याला निदान मेन्यू तरी पूर्ण वाचता यावा.

चित्रात पट्ट्या फिरताना दिसत असतील तर शटर बघा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो ते. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. कॅमेरा मेन्यूत एनटीएससीवर (६० हर्ट्झच्या देशांची पद्धत) असेल तर पॅलवर (५० हर्ट्झची) आणा. एलईडी भिंतीवर तरीही पट्टे आले तर शटरचा आकडा बारीक सरकवत जा.

किट लेन्सवर, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या लेन्सवर, झूम करू नका. झूम केल्यावर लेन्सचं तोंड (अॅपर्चर) ३.५ वरून ५.६ ला गेलं की प्रकाश अडीचपट घटतो. दोन पावलं पुढं जा.

मागच्या स्क्रीनवर विश्वास नको, अंधारात ती नेहमीच उजळ दिसते. मी झेब्रा (ठरवलेल्या उजेडाच्या भागावर स्क्रीनवर पट्ट्या दाखवणारी सोय) ७० वर ठेवतो. गोऱ्या गालावर पट्ट्या उमटायला लागल्या की थांबतो, सावळ्या चेहऱ्याला त्याच्याही खाली.

घाटावर जाण्याआधी लेन्सवरची यूव्ही फिल्टरची काच काढून खिशात टाका, नाहीतर प्रत्येक पणतीची एक हिरवी सावली फ्रेममध्ये उलटी तरंगते.