कागद अपुरे असताना मुलाला शाळेत प्रवेश कसा मिळवावा

जानेवारी महिन्यात वाघोलीच्या एका बांधकामावर बिगारी काम करणारी एक आई आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन जवळच्या शाळेत गेली आणि दहा मिनिटांत परत आली. जन्माचा दाखला नाही, गावच्या शाळेचा दाखला नाही, आधार कार्डावर पत्ता कलबुर्गीचा आणि वर्षही संपत आलेले, तेव्हा जूनमध्ये या, असे तिला सांगण्यात आले होते. यांपैकी एकाही कारणासाठी प्रवेश नाकारण्याची मुभा कायदा देत नाही. पुण्यात कामासाठी आलेल्या कुटुंबांसोबत शाळेत जाताना मी हीच चार कारणे पुन्हा पुन्हा ऐकली आहेत, म्हणून त्यांना काय उत्तर द्यावे आणि कोणत्या क्रमाने पुढे जावे, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला तो घराजवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क देतो. त्याच्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ५ नुसार आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. कलम १५ नुसार प्रवेशाची मुदत उलटून गेली तरी मुलाला घ्यावेच लागते. राहिले आधार कार्ड. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी त्याची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. पालकांनी ही कलमे पाठ करण्याची गरज नाही, पण त्यांचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवावेत, कारण आकडा उच्चारला की समोरच्या माणसाच्या बोलण्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

पहिले काम म्हणजे शाळा कोणाची आहे, हे पाहणे. फाटकावरच्या फलकावर पुणे महानगरपालिका, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, जिल्हा परिषद किंवा कटक मंडळ (कॅन्टोन्मेंट बोर्ड) यांपैकी काय लिहिले आहे, ते नीट वाचावे. २०२१ मध्ये वाघोलीसह २३ गावे पुणे महापालिकेत आली, त्यामुळे शहराच्या कडेला राहणाऱ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. तक्रार करण्याची वेळ आली तर ती कोणाकडे करायची, हे या फलकावरूनच ठरते. माध्यमाचाही विचार आधीच करावा. महापालिकेच्या मराठीबरोबरच इंग्रजी, उर्दू आणि कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत. तरीही शाळा पायी जाण्याजोगी असावी, याला मी अधिक महत्त्व देते. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर असे अंतर धरलेले आहे. दिवस उजाडताच कामाला जाणारे आईवडील मुलांना रोज दूर सोडायला जाऊ शकत नाहीत, म्हणून ही अट मोलाची आहे.

त्यानंतर घरातले कागद शोधावेत. “काहीच नाही” असे सांगणाऱ्या घरात बहुधा काहीतरी असतेच. वर सांगितलेल्या आईने पत्र्याच्या खोलीतली पेटी उघडली, तेव्हा साड्यांच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत लसीकरणाचे कार्ड निघाले. त्याची घडी फाटली होती आणि शाईही पुसट झाली होती, पण परिचारिकेने लिहिलेली जन्मतारीख वाचता येत होती. दवाखान्यातील नोंद आणि अंगणवाडीतील नोंद वयासाठी चालते, आणि यांतले काहीही नसेल तर पालकांनी मुलाचे वय स्वतः लिहून देऊन खाली सही किंवा अंगठा केला तरी पुरते. मात्र ही तारीख विचारपूर्वक लिहावी, कारण शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत एकदा चढलेली जन्मतारीख पुढे दहावीपर्यंत मुलासोबत जाते आणि नंतर ती बदलणे फार जिकिरीचे होते.

आता अर्ज. माझ्या मते सर्वांत अधिक काळजी येथेच घ्यावी, कारण तोंडी विनंतीला तोंडी नकार मिळतो आणि त्याचा कोठेही माग राहत नाही. कोऱ्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावे असा मजकूर लिहावा: “माझी मुलगी, वय ११ वर्षे, माझ्यासोबत आपल्या शाळेच्या परिसरात राहते. तिला शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ४ नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा. तिचा जन्माचा दाखला व शाळा सोडल्याचा दाखला सध्या उपलब्ध नाही, परंतु कलम ५ व कलम १४ नुसार त्या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेश द्यावयाचा नसल्यास कारण लेखी कळवावे.” अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि आपल्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तेथून निघू नये. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मुख्याध्यापकांनी अर्ज दोनदा वाचला, शेवटच्या वाक्यावर ते थोडे थांबले आणि मग त्यांनी वर्गशिक्षिकेला बोलावून घेतले. मुलीचे नाव त्याच दिवशी पटावर आले.

ही विनंती उपकार मागण्यासारखी वाटते म्हणून अनेक पालक अर्ज देताना संकोचतात. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी याच शहरातून केली होती आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये त्यासाठी मांडलेले विधेयक फेटाळले गेले होते. एवढ्या वाटचालीनंतर पदरात पडलेल्या हक्कासाठी कोणत्याही आईने मान खाली घालू नये.

प्रवेश वयानुरूप वर्गातच घ्यावा. अकरा वर्षांची मुलगी दुसरीपर्यंत शिकली असेल तर तिला दुसरीच्या बाकावर बसवण्याकडे कल असतो, पण लहान मुलांत बसलेली मोठी मुलगी लाजेने महिन्याभरात शाळा सोडते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कलम ४ नुसार तिला पाचवीत बसवून मागे राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणातून भरून काढायचा असतो, आणि चौदा वर्षे पूर्ण झाली तरी आठवी संपेपर्यंत तिचे शिक्षण मोफतच राहते. प्रवेशानंतर आठवड्याभरात हे प्रशिक्षण कोण आणि केव्हा देणार आहे, ते शिक्षकांना आवर्जून विचारावे, कारण विचारले नाही तर ते कागदावरच राहते.

तरीही नकार मिळाला, तर कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार द्यावी आणि सोबत पोच असलेला अर्ज जोडावा. तीन महिन्यांत निर्णय देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. निर्णय मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तीन महिने ही कमाल मुदत आहे, त्यामुळे दर आठवड्याला जाऊन आवक क्रमांक दाखवावा आणि चौकशी करावी.

खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांची वाट वेगळी आहे. तेथील प्रवेश शाळेच्या सुरुवातीच्या वर्गातच, ऑनलाइन अर्ज आणि सोडतीने होतात, त्यामुळे वर्षाच्या मध्ये आलेल्या अकरा वर्षांच्या मुलीला त्यांचा उपयोग नाही. घरात लहान भावंड असेल तर मात्र त्याच्यासाठी पुढच्या सोडतीकडे लक्ष ठेवावे.

काम संपून कुटुंब दुसऱ्या साइटवर किंवा गावी निघण्याआधी निदान आठ दिवस शाळेत कळवावे. कलम ५ नुसार मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. स्थलांतरित मुलांसाठी असलेले शिक्षण हमी कार्डही मागून घ्यावे. ठेकेदाराची गाडी पहाटे येते आणि तेव्हा शाळा बंद असते, म्हणून हे काम शेवटच्या दिवसावर टाकू नये. त्या आईने मुलीच्या दाखल्याची छायाप्रत पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आणि मूळ दाखला लसीकरणाच्या कार्डासोबत त्याच पिशवीत ठेवला.