टॉमकॅट सारखा पडतो? मेमरी वाढवण्याआधी मारेकरी शोधा

टॉमकॅट हा जावाची वेब ॲप्स चालवणारा सर्व्हर पडला की पहिला हात जातो तो एक्सएमएक्सकडे, म्हणजे जावाच्या हीपची (ऑब्जेक्ट ठेवायच्या मेमरीची) कमाल मर्यादा ठरवणाऱ्या सेटिंगकडे. दोन जीबीचे चार करायचे आणि रीस्टार्ट मारायचा. मेमरीची गळती, म्हणजे नको असलेली ऑब्जेक्ट मेमरीत अडकून राहणं, खरी असेल तर याने एवढंच होतं की मंगळवारी पडणारा सर्व्हर शुक्रवारी पडतो.

आधी प्रोसेस कशाने मेली ते ठरवा. टॉमकॅटच्या कॅटॅलिना डॉट आउट या लॉगच्या शेवटी आउटऑफमेमरीएरर दिसली तर जावालाच मेमरी पुरली नाही. लॉग मध्येच तुटलाय, एररचा मागमूस नाही, तर कर्नलचा लॉग उघडा. तिथे ‘किल्ड प्रोसेस’ आणि तुमचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) असेल तर लिनक्सच्या ओओएम किलरने, म्हणजे मशीनची मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या यंत्रणेने, गळा आवळलाय. कंटेनर असेल तर एक्झिट कोड 137 येतो, म्हणजे 128 अधिक सिग्नल 9. तिसरी शक्यता म्हणजे ‘एचएस एर’ अशा नावाने सुरू होणारी लॉग फाइल. ती सापडली तर जेव्हीएम, म्हणजे जावाचा कोड चालवणारं आभासी यंत्र, स्वतःच कोसळलंय, आणि ‘प्रॉब्लेमॅटिक फ्रेम’च्या ओळीत अनेकदा एखादी नेटिव्ह (जावात न लिहिलेली) लायब्ररी सापडते.

ओओएम किलर मारत असताना एक्सएमएक्स वाढवणं म्हणजे आगीत तेल. हीपखेरीज जेव्हीएमला मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवायची जागा), बफर आणि थ्रेडचे स्टॅकही लागतात. टॉमकॅटचे मॅक्सथ्रेड्स (रिक्वेस्ट हाताळणारे जास्तीत जास्त थ्रेड) मुळात 200 असतात आणि 64 बिट लिनक्सवर दर थ्रेडचा स्टॅक 1 एमबीपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा 4 जीबीच्या मशीनवर हीप अडीच जीबीच्या आसपासच ठेवा. जावा 8 पासून पर्मजेनच्या जागी आलेल्या मेटास्पेसला आपण घातल्याशिवाय वरची मर्यादाच नसते, हेही ध्यानात असू द्या.

आता गळती आहे की नुसता लोड, हे बघू. जावाबरोबर येणाऱ्या जेस्टॅट कमांडला जीसीयूटिल हा पर्याय, पीआयडी आणि 5000 द्या, दर पाच सेकंदांना एक ओळ येईल. ‘ओ’ या रकान्यात ओल्ड जनरेशन (हीपमधला जुन्या ऑब्जेक्टचा भाग) किती टक्के भरली ते कळतं. ती 90 वर गेली म्हणून घाबरू नका, जीसीनंतर (जावाने नको असलेली ऑब्जेक्ट झाडून टाकल्यावर) कितीवर उतरते ते पाहा. दिवसभरात तो तळ 35, 48, 61 असा चढत गेला तर गळती आहे. तळ जागच्या जागी असेल तर हीप लहान पडतेय, आणि तेव्हा मात्र एक्सएमएक्स खुशाल वाढवा.

गळती पक्की झाली की बिन फोल्डरमधल्या सेटईएनव्ही फाइलमध्ये ‘हीपडंपऑनआउटऑफमेमरीएरर’ चालू करा आणि हीपडंपपाथला फोल्डर द्या, म्हणजे मेमरी संपली की हीपची प्रत, अर्थात डंप, तिथे उतरेल. डिस्कवर निदान हीपएवढी जागा मोकळी हवी. कंटेनरमध्ये इथे एक खोडी आहे: जावाचा पीआयडी बहुधा 1 असतो, त्यामुळे डंपचं नाव दर वेळी तेच येतं. जुनी फाइल जागेवर असेल तर नवा डंप लिहिलाच जात नाही. चालू सर्व्हरचा डंप जेमॅप कमांडने घेता येतो, पण तेवढा वेळ सर्व्हर थांबतो, म्हणून भर गर्दीत नको. डंपमध्ये पासवर्ड आणि सेशनमधला मजकूरही उतरतो, तेव्हा तो ईमेलने फिरवू नका.

डंप एक्लिप्स मॅट या तपासणीच्या टूलमध्ये उघडून डॉमिनेटर ट्री (कोणत्या ऑब्जेक्टने काय अडवून धरलंय ते दाखवणारी यादी) रिटेन्ड हीपप्रमाणे, म्हणजे अडवलेल्या मेमरीप्रमाणे, लावा. सर्वांत वरच्या ऑब्जेक्टवर जीसी रूटपर्यंतचा (जिथून ऑब्जेक्ट जिवंत धरली जातात त्या मुळापर्यंतचा) मार्ग काढा, वीक आणि सॉफ्ट रेफरन्स, म्हणजे जीसी तोडू शकतो असे दुवे, वगळून. मार्ग स्टॅटिक मॅपपाशी संपला तर कोणीतरी मर्यादा न घालता कॅश लिहिलाय: नोंदींचा कमाल आकडा आणि मुदत घाला. स्टँडर्डसेशनपाशी (टॉमकॅटच्या सेशन ऑब्जेक्टपाशी) संपला तर सेशनमध्ये अख्ख्या याद्या कोंबल्यात. सेशनचा टाइमआउट मुळात 30 मिनिटांचा असतो, पण खरा इलाज सेशनमध्ये फक्त आयडी ठेवणं हाच. थ्रेडलोकल (थ्रेडला चिकटवलेली किंमत) असेल तर फायनली ब्लॉकमध्ये रिमूव्ह करा, कारण पूलमधला थ्रेड रिक्वेस्टबरोबर मरत नाही.

दर रीडिप्लॉयनंतर (सर्व्हर चालू ठेवून ॲप नव्याने चढवल्यावर) मेटास्पेस वाढत असेल तर ॲपचे क्लास चढवणारा जुना क्लासलोडर कुठेतरी अडकलाय. टॉमकॅटच्या मॅनेजर ॲपमधलं ‘फाइंड लीक्स’ बटण अशी ॲप्स दाखवतं, मात्र ते फुल जीसी करायला लावतं. अपराधी बहुधा ॲपने सुरू करून न थांबवलेला टायमर थ्रेड किंवा नोंद न काढलेला जेडीबीसी (डेटाबेसशी जोडणारा) ड्रायव्हर. दोन्हींचा बंदोबस्त कॉन्टेक्स्ट लिसनरच्या ‘कॉन्टेक्स्टडिस्ट्रॉइड’मध्ये, म्हणजे ॲप बंद होताना चालणाऱ्या मेथडमध्ये, करा. ते होईपर्यंत गरम रीडिप्लॉय बंद, पूर्ण रीस्टार्ट.